दुसऱ्याचे वाक्य

क्रौंचवधाच्या प्रसंगाविषयी लिहिताना अभिनवगुप्ताने ‘लोचना’त एक खुलासा केला आहे. शोकाचा श्लोक झाला, हे आनंदवर्धनाचे म्हणणे त्याला मान्य आहे. मात्र हा शोक मुनींचा स्वतःचा आहे असे कोणी मानू नये, असे तो बजावतो. मुनी खरोखरच त्या दुःखाने दुःखी झाले असते तर तेथे रसाला जागाच उरली नसती, असा त्याचा युक्तिवाद आहे. म्हणजे शोक काव्याच्या उपयोगी पडावयाचा तर तो आधी कोणाच्या तरी खाजगी मालकीतून सुटलेला असावा लागतो. साधारणीकरणाचा विचार शिकवताना हे स्थळ मी वर्गात अनेक वर्षे वापरत आलो. विद्यार्थ्यांना ते लगेच पटत असे. २०२१ च्या मे महिन्यापासून मात्र ते मला अडचणीचे वाटू लागले. ज्याच्याजवळचे दुःख खाजगीच आहे, आणि ज्याला त्याच दुःखाचा प्रयोग, तोही विनोदी प्रयोग, एकट्याने उभे राहून करावयाचा आहे, त्याला अभिनवगुप्त काय सांगतो? हा प्रश्न मला समीक्षक म्हणून सुचलेला नाही. तो माझ्यावर येऊन पडला.

थोडी माहिती देणे भाग आहे. १९९४ पासून २०१९ पर्यंत माझा एक मित्र आणि मी मिळून दोन तासांचा एक विनोदी कार्यक्रम करीत असू. तो एका सरकारी खात्यात लेखनिक होता आणि पेटी उत्तम वाजवीत असे. मी महाविद्यालयात मराठी शिकवीत असे आणि विडंबनगीते रचीत असे. चाली त्याच्या, शब्द माझे. गणेशोत्सव, कोजागिरी, शिक्षकांचे मेळावे, साखर कारखान्यांच्या वसाहती ही आमची क्षेत्रे. सांगली-मिरज-कोल्हापूरच्या परिघाबाहेर आम्ही फारसे गेलो नाही. कार्यक्रमाचा सांगाडा साधा होता. एक बुवा आहेत, त्यांना आपण मोठे गवई आहोत असे वाटते. शेजारी त्यांचा पेटीवाला आहे, त्याला तसे वाटत नाही. बुवा पुष्कळ बोलतात, पेटीवाला अगदी थोडे बोलतो. दोन तासांत त्याला जेमतेम चाळीस वाक्ये असतील, पण हशा पिके तो त्या चाळीस वाक्यांवर. बुवा डोळे मिटून म्हणत, ‘आज काय सूर लागलाय!’ पेटीवाला भाता हलवायचा थांबे, बुवांकडे बघे आणि काळजीने विचारी, ‘कुणाला?’ मग थोडे थांबून, ‘फार लागला का?’ एवढेच. कागदावर यात काही नाही. पण पंचवीस वर्षे, गावोगावी, लोक या ठिकाणी हसले.

दुसऱ्या लाटेत तो गेला. त्या दिवसांत जे पुष्कळांच्या वाट्याला आले तेच आमच्याही आले. खांदा देता आला नाही, दहाव्याला चार माणसे जमली नाहीत, शोकसभा झाली नाही. आपल्याकडे मृत्यूनंतरचे तेरा दिवस दुःखाला एक वेळापत्रक देतात. कोणी कधी यायचे, काय शिजवायचे, केव्हा रडायचे आणि कोणत्या दिवशी गोड खायचे, हे ठरलेले असते. मी कर्मकांडाचा अभिमानी नाही. पण ते वेळापत्रकच नाहीसे झाल्यावर दुःख अवेळी आणि आकाराशिवाय घरभर पसरून राहते, हे मी पाहिले आहे. २०२२ च्या गणेशोत्सवात मिरजेतल्या एका जुन्या मंडळाने विचारले, एकट्याने कार्यक्रम कराल का? दुसऱ्या कोणाला पेटीवर बसवावे असेही त्यांनी भीत भीत सुचवले. ते माझ्याने होणारे नव्हते. मग दोनच मार्ग उरले होते. पेटीवाल्याचे पात्र गाळायचे, नाही तर त्याची वाक्येही आपणच बोलायची.

हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस आहेत, ही आपल्या काव्यशास्त्रातली जुनी नोंद. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे दोन विरोधक सांगितले आहेत, भयानक आणि करुण. याहून महत्त्वाचे आहेत ते आनंदवर्धनाने सुचवलेले विरोधपरिहाराचे उपाय. विरोधी रस एकाच आश्रयाच्या ठिकाणी आणू नयेत, त्यांचे आश्रय वेगळे ठेवावेत. लागोपाठ आणावयाचेच असतील तर मध्ये तिसरा रस घालावा. ‘नागानंद’ नाटकात शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो, हे त्याने दिलेले उदाहरण. मराठी रंगभूमीने यांपैकी पहिला उपाय मनापासून स्वीकारला असे दिसते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त हसू तळीरामाच्या वाट्याला आले आहे आणि अश्रू सिंधूच्या. दोघांचीही ताटे एकाच दारूने वाढली आहेत, पण ताटे वेगळी आहेत. त्यामुळे प्रेक्षक एका प्रवेशात हसतो, पुढच्या प्रवेशात रडतो, आणि त्याला कशाचाही संकोच वाटत नाही.

एकपात्री प्रयोगात ही सोय नाही. तेथे आश्रय एकच असतो. एक देह, एक आवाज. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या उपायाच्या जवळचे काही केले असे म्हणता येईल. चाळीतली माणसे यथेच्छ हसवून जातात. सगळी बिऱ्हाडे आटोपल्यावर शेवटी चिंतन येते आणि चाळ हीच एक जाऊ घातलेली व्यक्ती होते. हसणे आणि हळहळणे यांच्यात पुरेसे अंतर राखलेले आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची (१९७९) गोष्ट निराळी, एका देहात ५२ माणसे कशी मावतात याचीच तेथे मौज आहे. मला यांपैकी कोणताच उपाय लागू पडत नव्हता. कारण माझ्यापुढे हसण्याचे वाक्य आणि रडण्याचे वाक्य अशी दोन वाक्ये नव्हतीच. ‘कुणाला?’ हे एकच वाक्य होते, आणि ते गेलेल्या माणसाचे होते.

अडचणीत सापडलेला भाषेचा शिक्षक अखेर जुन्या ग्रंथांकडे जातो. मी भाणाकडे गेलो. भाण हा दशरूपकांपैकी एकाच नटाने करावयाचा प्रकार. ‘नाट्यशास्त्रा’त त्याचे दोन भेद सूचित केले आहेत: नट स्वतःचा अनुभव सांगतो तो एक, आणि इतरांविषयीचे वर्णन करतो तो दुसरा. १९२२ मध्ये छापल्या गेलेल्या ‘चतुर्भाणी’तले चार भाण वाचले की या प्रकाराची गंमत कळते. एक विट नगरातल्या रस्त्याने चालला आहे. त्याला गणिका भेटतात, त्यांचे प्रेमिक भेटतात, ढोंगी साधू भेटतात, थकलेले रसिक भेटतात. रंगमंचावर यांपैकी कोणीही येत नाही. विट हवेत बघून बोलतो, कान देतो, ‘काय म्हणतोस?’ असे विचारतो आणि समोरच्याचे उत्तर स्वतःच उच्चारून दाखवतो. या युक्तीला आकाशभाषित म्हणतात.

परीक्षेत यावर टीप लिहायला येते आणि विद्यार्थी ‘एक नाट्यसंकेत’ असे लिहून मोकळा होतो. मीही तसेच शिकवले. पण ज्याचे माणूस गेले आहे तो दिवसचे दिवस आकाशभाषितातच जगत असतो. भाजी घेताना, स्कूटर लावताना, एखादी मूर्ख बातमी वाचताना तो आता काय म्हणाला असता हे ऐकू येते. नुसते ऐकू येत नाही, त्याच्या हेलासकट आपल्याच तोंडात तयार होते. भाणाला अनुपस्थिती मुळातच गृहीत आहे. दुसरा नाही, म्हणून त्याचे वाक्य मी बोलतो, एवढाच त्याचा पाया. आणि या प्रकारात गाणे परके नाही. भाणाला जोडलेल्या दहा लास्यांगांची सुरुवातच गेयपदापासून होते. एकटा नट, हसू, गाणे आणि समोर नसलेला दुसरा, असे सगळे साहित्य एका जागी होते. धनंजयाने ‘दशरूपका’त भाणाने वीर आणि शृंगार सूचित करावेत असे सांगितले आहे, करुणाचे नाव त्याने घेतलेले नाही. मला हे आश्चर्याचे वाटते. करुणासाठी जणू बेतून ठेवलेले हे पात्र आपल्या पूर्वसूरींनी वेशवाटेवरच्या थट्टेसाठी राखून ठेवले. मी वाचलेल्या भाणांत त्या रिकाम्या जागी मेलेला माणूस कोणी उभा केलेला नाही.

मी संहिता नव्याने उतरवून काढली. बुवा एकटेच बसले आहेत, शेजारी पेटी आहे. बुवा म्हणतात, ‘आज काय सूर लागलाय!’ मग पेटीकडे बघून, ‘काय म्हणालास? कुणाला?’

मिरजेच्या प्रयोगात या ठिकाणी कोणीही हसले नाही. सगळे त्याला ओळखत होते. पहिल्या ओळीतल्या दोघा-तिघांनी रुमाल काढले. ‘फार लागला का?’ या वाक्याला सभागृहात अशी शांतता पसरली की मंडपाबाहेरच्या जनित्राचा आवाज ऐकू आला. शेवटी टाळ्या पुष्कळ झाल्या. लोक भेटायला आले, हात हातात घेऊन उभे राहिले. जी शोकसभा २०२१ मध्ये झाली नव्हती ती त्या रात्री झाली, आणि मी त्या लोकांचा ऋणी आहे. पण प्रयोग म्हणून पाहिले तर तेथे काहीच घडले नव्हते. माझे दुःख जसेच्या तसे माझ्याकडे परत आले, वर इतरांची सहानुभूती घेऊन. मुनींचा शोक मुनींचाच राहिला.

महिन्याभराने कोजागिरीला अथणीकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत बोलावणे होते. तेथे आम्हाला कोणी ओळखत नव्हते. कढईत दूध आटत होते, मुले खुर्च्यांमधून पळत होती, मागच्या बाजूला गाळपाच्या हंगामाविषयी चर्चा चालू होती. पेटी ही त्यांच्या दृष्टीने नुसती पेटी होती. ‘काय म्हणालास? कुणाला?’ एक हशा. ‘फार लागला का?’ यावर दुसरा, पहिल्याहून मोठा. मला काही क्षण पुढचे वाक्य बोलता आले नाही. लोकांना तो अभिनय वाटला. तो हशा त्याचा होता. त्याच्याच जागी, त्याच्याच आवाक्याचा. जो माणूस कधी अस्तित्वात होता हेच त्या श्रोत्यांना ठाऊक नव्हते, त्याच्या वाक्याला ते हसत होते, आणि माझी दया येऊन हसत नव्हते.

माणूस भिडेखातर रडू शकतो. निदान डोळे पुसू शकतो, मान हलवू शकतो, सुस्कारा टाकू शकतो. समाजात वावरताना ते शिकावेच लागते. हसू मात्र भिडेला बळी पडत नाही. वरिष्ठांच्या विनोदाला हाताखालचे लोक हसतात हे खरे, पण ते हसू ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही. बेर्गसाँने १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात असे मांडले की, हसण्यासाठी हृदय काही काळ बधिर व्हावे लागते. हे विधान बहुधा हास्याच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून सांगितले जाते. मला त्याचा अर्थ आता वेगळा लागतो. प्रेक्षकाचे हृदय माझ्यापुरते बधिर होणे ही माझ्या कामाची पूर्वअट आहे. तो माझी कीव करीत आहे तोवर त्याच्यासमोर मी आहे, वाक्य नाही. तो हसला की मी बाजूला झालो आणि वाक्य उरले. करुण प्रयोगात ही गल्लत झाकून जाते. आपल्या दुःखाची नुसती माहिती देऊनही डोळ्यांत पाणी काढता येते, आणि त्यालाच कलेचा परिणाम म्हणण्याची सवय अलीकडच्या आत्मपर लेखनाने आपल्याला लावली आहे. विनोदात ती सवलत नाही. साधारणीकरण झाले की नाही, हे तेथे दोन सेकंदांत कळते.

याचे दाखले आपल्या परंपरेत शोधता येतात. बाप, बायको, मूल आणि आई यांच्या मरणांची एकामागून एक नोंद करणारा तुकोबांचा एक अभंग आहे. प्रत्येक मृत्यूनंतर ते आपण मोकळे झाल्याचे, बरे झाल्याचे सांगतात. कीर्तनकार त्यात वैराग्य पाहतात आणि ते चूक आहे असे नाही. पण १६३० च्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या वाण्याने मेलेल्या माणसांची खतावणी लिहावी आणि प्रत्येक बाकीपुढे ‘फिटली’ असे मांडावे, या मांडणीतच एक भयंकर थट्टा आहे. तेथे हसू फुटत नाही, पण ओठ हलतात. देवाशी बोलायला एकटा उभा राहिलेला माणूस आहे, आणि देव काहीच बोलत नाही.

अशीच एक गोष्ट फार मोठ्या रंगमंचावर घडलेली पुढे माझ्या पाहण्यात आली. रेचल ब्लूम ही अमेरिकन विनोदी अभिनेत्री आणि गीतलेखिका. ‘क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड’ ही तिची संगीतमय मालिका २०१५ ते २०१९ या काळात दूरचित्रवाणीवर चालली. तीत दीडशेहून अधिक गाणी आहेत. ब्लूम, जॅक डॉल्जेन आणि ॲडम श्लेसिंजर असे तिघे मिळून ती रचीत. २०१९ मध्ये त्यांतल्या एका गाण्याला एमी पारितोषिक मिळाले. १ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, श्लेसिंजर कोविडने गेला. त्याच सुमारास ब्लूमला मुलगी झाली होती आणि श्वसनाच्या त्रासामुळे ते मूल अतिदक्षता विभागात होते. या अनुभवातून तिने गाण्यांसह एकटीचा प्रयोग रचला. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. शीर्षकातच ती मृत्यूला विनवते की, बाबा रे, मला माझा कार्यक्रम करू दे.

भाचीने तो मला दाखवला तेव्हा मी जरा कुतूहलाने आणि जरा मत्सराने पाहिला. सहरचनाकार गेलेला, साथ महामारीचीच, आणि हातात विनोदी गाणी: परिस्थितीचे हे साम्य डोळ्यांआड करता येण्यासारखे नव्हते. सुरुवातीला ती २०१९ मधला आपला जुना कार्यक्रम, मधल्या काळात काही घडलेच नाही अशा थाटात, सुरू करते. पहिले गाणे एका फुलझाडाच्या वासावरचे, चांगलेच चावट आहे. मग प्रेक्षकांत बसलेला एक माणूस तिला टोकू लागतो. तो मृत्यू. डेव्हिड हल या नटाने ती भूमिका केली आहे.

येथे माझा तिच्याशी मतभेद आहे. मृत्यूला नट मिळाला की आश्रय दोन झाले. तळीराम आणि सिंधू यांची ताटे पुन्हा वेगळी झाली. तिच्या प्रयोगात मृत्यू बोलतो, पण गेलेला मित्र बोलत नाही. त्याच्याविषयी सांगितले जाते, त्याची आठवण निघते. त्याचे वाक्य तिच्या तोंडून, त्याचे म्हणून, येत नाही. मृत्यू ही कल्पना आहे आणि कल्पनेशी वाद घालता येतो. मित्राशी वाद घालायचा तर त्याचीही बाजू आपल्यालाच लढवावी लागते आणि त्याला जिंकू द्यावे लागते. पेटीवाला नेहमी जिंकत असे. पण एक गोष्ट तिने अचूक साधली आहे. ते चावट गाणे आधी आणून तिने प्रेक्षकांची सहानुभूती रोखून धरली. दुःखाची बातमी सभागृहात पोचण्याआधी तिने हशा वसूल केला. माझ्या भाषेत सांगायचे तर तिने मिरजेच्या आधी कोजागिरी केली. मला हा क्रम आधी सुचला नव्हता आणि आता मी तो उचलला आहे.

गाण्यांविषयी थोडे वेगळे लिहायला हवे, कारण माझ्या मते खरे काम तेथे होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मित्राच्या घरी एक छापील पत्र आले. सेवानिवृत्तांनी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. आपण तो दिलेला नाही, तरी समक्ष हजर राहून द्यावा, अन्यथा निवृत्तिवेतन थांबवण्यात येईल, अशा आशयाचे. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वेळ लागतो, त्यात विशेष काही नाही. वहिनींनी ते पत्र माझ्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, ‘भावजी, हे तुमच्या कार्यक्रमात घाला.’ त्या हसत होत्या की नाही हे मला सांगता येणार नाही.

त्या पत्राचे गाणे व्हायला आठ महिने लागले. पेटीवाला कार्यालयात हयातीचा दाखला द्यायला जातो, एवढे त्याचे कथानक. ध्रुपद होते ‘सही तेवढी राहिली’. पहिल्या कडव्यात छायाचित्र, आधार कार्ड, अंगठा, सगळे जमले आहे, फक्त सही राहिली आहे. दुसऱ्यात साहेब जिवंतपणाचा पुरावा मागतात आणि पेटीवाला काळी चारचा सूर धरून दाखवतो. तिसऱ्यात कार्यालयाची वेळ संपते आणि साहेब त्याला निरोप देतात, पुढच्या वर्षी लवकर या. गणेशोत्सवात या ओळीला मंडप डोक्यावर घेतला जातो. शेवटच्या कडव्यात आमच्या गाण्यांची वही येते. १९९४ मध्ये पहिल्या पानावर आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या. त्यावर पुन्हा ध्रुपद, त्याच शब्दांत: सही तेवढी राहिली.

राहणे या क्रियापदाचे आपल्या भाषेवर फार उपकार आहेत. करायचे बाकी ते राहिले, आणि सगळे गेल्यावर मागे उरले तेही राहिले. लागणे हे त्याचेच भावंड. सूर लागतो आणि दगडही लागतो. हे शब्द मी शोधून काढलेले नाहीत. विनोदासाठी वापरलेला श्लेष पंचवीस वर्षे तेथे पडून होता, आणि त्याच्या पोटात दुसरा अर्थ आधीपासून होता. ध्रुपदात एक अक्षरही बदललेले नाही. प्रेक्षक तीनदा हसतो, चौथ्यांदा हसायला तोंड उघडतो आणि तसाच राहतो. आनंदवर्धनाने दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा रस घालायला सांगितले. येथे ते काम चाल करते, असे मला वाटते. मात्र ती मध्ये येत नाही, खालून वाहते. संवाद म्हणताना गळा दाटला तर थांबता येते. गाण्यात थांबता येत नाही, अंतरा संपला की ध्रुपदावर यावेच लागते. त्या सक्तीमुळे मी ते कडवे पार करतो. चाल त्याचीच आहे. आमच्या एका जुन्या गाण्याची.

अशा प्रयोगांविषयी बोलताना दुःखाचा निचरा झाला, मन मोकळे झाले असे म्हणण्याची रीत आहे. ॲरिस्टॉटलचे विरेचन त्यासाठी हाताशी असतेच, आणि फ्रॉइडच्या १९१७ मधील निबंधाचाही आधार घेतला जातो; शोक हे एक काम आहे आणि ते यथावकाश पुरे होते, असा त्याचा आशय. मला जवळचा वाटतो तो १९२७ मधला, विनोदावरचा फ्रॉइड. सोमवारी फाशी जाणारा कैदी आठवड्याची सुरुवात छान झाली म्हणतो, हे त्याचे आवडते उदाहरण. तेथे फ्रॉइड म्हणतो की, या जातीच्या विनोदाला एकच माणूस पुरतो. त्याच्यातलाच एक भाग घाबरलेल्या दुसऱ्या भागाशी, वडीलधाऱ्याने लेकराशी बोलावे तसा, बोलतो. म्हणजे तेथेही एका देहात दोघे. भाणाचा विट यापेक्षा वेगळे काय करतो?

निचरा मात्र मला मान्य नाही. निचरा झाला म्हणजे संपले. आणि प्रयोगाचे लक्षणच असे की तो पुन्हा करावयाचा असतो, त्याची पुढची तारीख असते. आजवर असे अकरा प्रयोग झाले. कमी काही झालेले नाही. बदलले ते एवढेच की पूर्वी जे अवेळी येत असे ते आता बहुतेक संहितेच्या तिसऱ्या पानावर येते, आणि त्या हयातीच्या दाखल्याच्या शेवटच्या कडव्यात. तेरा दिवसांच्या जागी हे एक वेळापत्रक मिळाले. ते कोणाला कलेचे अवमूल्यन वाटेल. माझी त्याला हरकत नाही.

एक तांत्रिक बाब अजून सुटलेली नाही. १९९८ च्या दोन प्रयोगांच्या ध्वनिफिती माझ्याजवळ आहेत. ‘कुणाला?’ या शब्दानंतर हशा उठतो. तो पूर्ण उतरेपर्यंत मित्र काहीच करीत नाही, आणि मग ‘फार लागला का?’ असे विचारतो. हशा उतरल्यापासून त्याच्या वाक्यापर्यंतची जागा मी तबल्याच्या यंत्रावर मध्यलयीत मोजली. दोन्ही ध्वनिफितींत ती दोन मात्रांची आहे. माझे वाक्य दीड मात्रेवर येते. घरी यंत्र लावून बसलो की दोन मात्रा बरोबर पडतात. प्रेक्षकांसमोर अजून पडलेल्या नाहीत.